गोथेनबर्गचा पोस्टडॉक: सही करण्याआधी

पुण्यात जिवाणूंच्या डीएनए-दुरुस्तीवर पीएचडी झाली, आता स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातल्या) डीएनएची प्रत कशी तयार होते यावर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळतोय, बरोबर नवरा आणि चार वर्षांची मुलगी. यावं का, असं विचारलंय तुम्ही. यावं. पण होकार कळवण्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: ही नोकरी आहे की स्टायपेंड, म्हणजे नुसतं विद्यावेतन?

तुमच्या पत्रात रकमेपुढे 'करमुक्त' लिहिलंय म्हणून शंका आली. नोकरी असेल तर कर कापला जातो, पण पेन्शन साठते, आजारपणात पैसे मिळतात, तिशी गाठलेल्याला विद्यापीठात वर्षाला ३१ दिवस भरपगारी रजा असते. दुसरं मूल झालं तर दोघांत मिळून ४८० दिवसांची पालकरजा मिळते, आणि त्यातल्या बऱ्याच दिवसांचा भत्ता पगाराच्या हिशेबाने. स्टायपेंडवर पेन्शन नाही, रजेचा हक्क नाही, आणि पालकरजेचा भत्ता किमान दराने, म्हणजे दिवसाला २५० क्रोनर. हातात पडणारी रक्कम दोन्हीकडे साधारण सारखी दिसते, तिथेच माणूस फसतो. इथली 'सुल्फ' ही प्राध्यापक-संशोधकांची युनियन स्टायपेंडविरुद्ध कधीची ओरडतेय.

विचारताना भीड धरू नका. 'रिस्पेक्टेड सर' तर मुळीच नको. इथे विभागप्रमुखालाही नावानेच हाक मारतात आणि पगाराचं विचारलं म्हणून कुणी नाक मुरडत नाही. नोकरीत बदलून देता येईल का, तेही विचारा. नाही म्हणाले तर घरी बसून हिशेब करा; दुसरं मूल मनात असेल तर मी म्हणेन, दुसरी जागा बघा.

विषयाची मात्र काळजी नको. माणसाचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरजोड्यांचं कडं, त्यात जेमतेम ३७ जनुकं. फक्त ई. कोलाय या जिवाणूवरचं ज्ञान इथे जसंच्या तसं चालत नाही. नवा धागा विणणारं पॉलिमरेज गॅमा, दोन धागे उलगडणारं ट्विंकल हेलिकेज, प्रायमर (सुरुवातीचा छोटा तुकडा) बनवणारं आरएनए पॉलिमरेज, ही सगळी मंडळी टी७ फाजच्या, म्हणजे जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूच्या, गोतावळ्यातली. तेव्हा विमानात बसण्याआधी टी७ नीट वाचून या. दोन्ही धागे एकदम बनत नाहीत, आधी एक बराच पुढे जातो आणि मग दुसरा उलट दिशेने सुरू होतो, हे इथलं प्रचलित चित्र. याच विषयातले संशोधक इयान होल्ट यांच्या गटाने मांडलं की मोकळा पडलेला धागा मधल्या काळात आरएनएने झाकलेला असतो. लॅब मीटिंगला हा वाद निघतोच.

काम बहुतांश परीक्षानळीतलं आहे. एसएफ९ या कीटकपेशींत प्रथिनं बनवायची, कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून ती शुद्ध करायचे कॉलम चालवायचे, आणि मग डीएनएच्या छोट्याशा गोल साच्यावर प्रत काढणारी सगळी यंत्रणा जुळवायची. मारिया फाल्केनबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये ती पहिल्यांदा जुळवून दाखवली. त्यांची प्रयोगशाळा आता गोथेनबर्गलाच आहे. पॉलिमरेज आणि ट्विंकल एवढंच घातलं तर धागा दोनेक हजार अक्षरांवर थांबतो. त्यात मायटोकॉन्ड्रियाचं एसएसबी (एकेरी धाग्याला चिकटणारं प्रथिन) घाला, सकाळी फॉस्फर स्क्रीन स्कॅन केली की काळा पट्टा जेलमध्ये पार वर, सोळा हजारांच्या आसपास चढलेला दिसतो. तो दिसला की दिवस चांगला जातो. धाग्यावर खूण म्हणून वापरायच्या किरणोत्सारी फॉस्फरसचं, पी-३२चं, अर्धायुष्य जेमतेम १४ दिवसांचं, त्यामुळे तुमचं वेळापत्रक आयसोटोपच्या डिलिव्हरीवर ठरणार. हाताने प्रथिन शुद्ध करायचा कंटाळा असेल तर आत्ताच सांगा, कारण रुग्णांत सापडलेल्या प्रत्येक उत्परिवर्तनासाठी हेच पुन्हा करायचं असतं.

आता कागदपत्रं. राहण्याचं परमिट हातात आल्याशिवाय निघू नका. नवऱ्याचा आणि मुलीचा अर्ज तुमच्याबरोबरच टाका, त्याला कामाचीही परवानगी मिळते. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा करून घ्या, कारण परमिट त्या मुदतीपलीकडे देत नाहीत. आणि मुक्काम वर्षाच्या आतला दिसला की पर्सन नंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, अडतो. तो नाही तर बँकआयडी (ऑनलाइन ओळखपत्र) नाही, आणि बँकआयडीशिवाय इथे डॉक्टरची वेळ घेणंसुद्धा कटकटीचं.

मुलीला बालवाडीत, म्हणजे फोरस्कूलात, अर्जापासून चार महिन्यांत जागा देणं नगरपालिकेला बंधनकारक आहे, फीलाही मर्यादा आहे. तेवढे सुरुवातीचे महिने घरी कोण, ते ठरवून या. व्होल्वोमुळे पुण्याची माणसं इथे पुष्कळ आहेत, त्यामुळे भाकरीच्या पिठापासून सगळं मिळतं, बॅगा त्याने भरू नका. पावसाचं जाकीट आणा. डिसेंबरात साडेतीनला अंधार होतो आणि बाकी वर्षभर रिपरिप असते.

घराचा प्रश्न सगळ्यात चिवट. विद्यापीठाकडे बाहेरून येणाऱ्या संशोधकांसाठी थोडी घरं असतात, सही केली त्याच दिवशी त्यासाठी मेल टाका. बाहेर बघत असाल तर ओळखीतल्या कुणाला तरी घर प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय आगाऊ भाडं पाठवू नका. ओळखीचं कुणी नसेल तर मला पत्ता कळवा, ट्रामने जाऊन बघून येईन.