नुकताच मधुमेह निघाला. पोळी सोडून भाकरी सुरू केली तरी जेवणानंतरची शुगर 260 येते. गोळ्या कधी बंद होतील?

तुम्ही लिहिलंय ते असं: वय 44, चोपड्याकडची शेती, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 8.4 टक्के, उपाशीपोटी 172. मेटफॉर्मिन 500 आणि ग्लिमेपिराइड 1 एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. महिना झाला, पोळी पूर्ण बंद, दोन्ही वेळ भाकरी. उपाशीपोटीचा आकडा 138 वर आला, पण जेवणानंतर 260. आणि साडेअकराच्या सुमारास शेतात हात थरथरतात, घाम फुटतो.

गोळ्यांचं नंतर बोलतो. आधी भाकरी. मधुमेहाच्या आहाराचं काम मी जळगावात बरीच वर्षं करतोय आणि हा घोळ दर आठवड्याला समोर येतो. छापील आहारतक्त्यात लिहिलेलं असतं: ‘पोळी टाळा, भाकरी 2’. कसली भाकरी, किती पिठाची, काही नाही. तो तक्ता करणाऱ्याने खान्देशातली भाकरी परातीत थापताना पाहिलेली नसते.

यावल तालुक्यातल्या एका घरात हेच चाललं होतं. केळीची बाग, माणूस पन्नाशीचा, सहा महिने ‘भाकरी 2’ इमानदारीने पाळलेली, तरी जेवणानंतरचा आकडा 240 च्या घरात. डॉक्टर गोळी वाढवायच्या बेतात. मी त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगितलं की एका भाकरीला परातीत जेवढं पीठ घेता तेवढं पिशवीत घालून आणा. काट्यावर ठेवलं तर 110 ग्रॅम भरलं. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 67-68 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे एका भाकरीत 75, दोन भाकरींत 150 ग्रॅम. आजारपणाआधी ते चार पोळ्या खायचे. त्यांच्या घरची पोळी 35 ग्रॅम कणकेची, म्हणजे पोळीमागे साधारण 23 आणि चार मिळून 92 ग्रॅम. पथ्य सुरू झालं त्या दिवसापासून पोटात जाणारी कर्बोदकं दीडपटीहून जास्त झाली होती. वर भाकरी उडदाच्या डाळीत कुस्करून खाण्याची सवय. कुस्करलेली भाकरी चावावी लागत नाही, ताट पाच मिनिटांत रिकामं होतं आणि दुसरी कधी संपली ते कळत नाही.

भाकरी कमी करा म्हटल्यावर घरातल्या आजी नाराज झाल्या. जेवणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, हे आपल्याकडे घरोघरी मानतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघत बसू नये. म्हणून मी भाकरी मोजायला सांगत नाही, पीठ मोजायला सांगतो. किराणा दुकानात काट्यावर 60 ग्रॅम पीठ तोलून घ्या, घरातल्या एका वाटीत ओता, न दाबता सपाट करा आणि जिथपर्यंत येईल तिथे खिळ्याने आतून रेघ मारा. ती वाटी पिठाच्या डब्यातच राहू द्या. तुमच्या एका वेळच्या जेवणाचं पीठ तेवढंच मळायचं. भाकरी लहान होईल, पण जाडी वाढवू नका, पातळच थापा. त्या घरात एवढा एकच बदल केला. पंधरा दिवसांत जेवणानंतरचा आकडा 190 च्या आत आला आणि गोळी वाढली नाही.

पीठही साधं ज्वारीचं नको, कळण्याचं करा. तीन वाटे ज्वारी किंवा बाजरी आणि एक वाटा सालासकट अख्खे उडीद, थोडं मीठ घालून दळून आणायचं. काही घरांत चारास एक करतात, तेही चालेल. तीनास एक कळण्याच्या 60 ग्रॅम पिठात साधारण 38 ग्रॅम कर्बोदकं आणि 8 ग्रॅम प्रथिनं मिळतात. नुसत्या ज्वारीत तेवढ्याच पिठात प्रथिनं 6 च्या आसपास. उडदामुळे भाकरी पोटात जास्त वेळ टिकते. बाजारातलं ‘डायबेटिक आटा’ म्हणून विकलं जाणारं महाग पीठ मी कुणालाच सांगत नाही. आपल्या जात्यावर याहून चांगलं पीठ पिढ्यान्‌पिढ्या दळलं गेलंय.

उरलेलं ताट असं भरा: अर्ध्या ताटात भाजी. मेथी, अंबाडी, पालक, गवार, गिलकी, वांगं, काहीही. भरीत उत्तम आहे, पण त्यावर तरंगणारं तेल नाही. घरात माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर तेल संपत असेल तर ते जास्त आहे. एक वाटी घट्ट डाळ, नाहीतर दोन अंडी, नाहीतर मटण-मासे. बेसनाची पातोडी किंवा डुबुकवड्या केल्या तर त्या डाळीच्या जागी, डाळीसोबत नाही. शेवभाजी महिन्यातून एखाद्या वेळी, कारण आधीच तळलेली शेव वर तर्रीत पडते. आधी भाजी आणि डाळ अर्धी संपवा, मग भाकरीचा पहिला घास घ्या. याने जेवणानंतरचा शुगरचा चढाव बराच कमी होतो. जेवल्यावर लगेच आडवं न होता 10-15 मिनिटं चाला.

केळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण केळीच्या पट्ट्यातला चोपड्याचा माणूस कधीतरी विचारणारच. सोललेल्या 100 ग्रॅम केळ्यात साधारण 23 ग्रॅम कर्बोदकं असतात. अर्धं केळं मूठभर शेंगदाण्यांसोबत, दोन जेवणांच्या मध्ये चालतं. जेवणावर पूर्ण केळं नको. गूळ आणि साखर यात शुगरच्या दृष्टीने फरक नाही. दिवसात चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे 35-40 ग्रॅम झाली, ती आधी बंद करा. एकादशीच्या साबुदाण्यात 100 ग्रॅमला 87 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. तो उपास नाही, ते भाकरीपेक्षा जड जेवण आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी खायची तर पाव पोळी, आणि त्या जेवणात भाकरी, भात, आमरस काही नाही.

आता थरथर. याकडे तुमचं सगळ्यात कमी लक्ष आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुमच्या गोळीतलं मेटफॉर्मिन एकटं सहसा शुगर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. तुम्ही सकाळी गोळी घेऊन नुसत्या चहावर शेतात जाता आणि शिदोरी साडेबाराला सोडता. वर फवारणी, निंदणी. साडेअकराला शुगर पडणारच. ही गोळी न्याहारीच्या पहिल्या घासासोबत किंवा थोडी आधी घ्यायची आणि न्याहारी म्हणजे खरी न्याहारी, अर्धी कळण्याची भाकरी आणि भाजी किंवा अंडं. सकाळी खाणं जमतच नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते गोळीची वेळ किंवा गोळीच बदलतील. जेवण चुकणार असेल त्या वेळची ग्लिमेपिराइडवाली गोळी सहसा टाळतात, पण हा नियम त्यांच्याकडून पक्का करून घ्या.

थरथर आली की शुगर तपासायच्या मशीनवर बघा. 70 च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, 15 मिनिटांनी पुन्हा बघा, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आल्यावर थोडी भाकरी खा, कारण या गोळीचा असर तासन्‌तास राहतो आणि शुगर पुन्हा पडू शकते. मशीन जवळ नसेल तर आधी साखर घ्या. बिस्किटं किंवा शेंगदाण्याची चिक्की नको, त्यातल्या तुपा-तेलाने साखर उशिरा चढते. साखरेची पुडी खिशात ठेवा, मोटारसायकलच्या डिक्कीत नको. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं. घरच्यांना हे सांगून ठेवा.

मशीनवरचे आकडेही एकदा तपासा. आंबा किंवा केळं सोलल्यावर हात न धुता टोचलं तर बोटावरची साखरच मोजली जाते आणि 150 च्या जागी 300 दिसू शकतं. साबणाने धुऊन, पूर्ण कोरडं करून, बोटाच्या कडेला टोचा आणि बोट पिळू नका. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पट्ट्या खराब होतात, मशीनही एरर दाखवतं. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही. रोज उपाशीपोटीचीच तपासण्यापेक्षा आठवड्यात दोन-तीन जेवणं निवडा आणि त्यांच्या आधी व दोन तासांनी बघा. कुठल्या ताटाने शुगर चढते ते तेव्हाच कळतं. साधारण उद्दिष्ट जेवणाआधी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत.

मेटफॉर्मिनने पहिले काही आठवडे पोट ढवळतं, जुलाब होतात. जेवणाच्या मध्ये घेतलं की त्रास कमी होतो, नाहीतर हळू विरघळणारी गोळी मिळते. ती तोडून किंवा चावून घ्यायची नाही. उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं थांबलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, अशा वेळी मेटफॉर्मिन थांबवावं लागतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-12 अधूनमधून तपासावं.

गोळ्या कधी बंद होतील? तीन महिने पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांची शुगर पुन्हा करा, त्याआधी हा प्रश्न विचारू नका. ताट सुधारलं की आधी सहसा ग्लिमेपिराइड कमी होतं, मेटफॉर्मिन राहतं. वजन जास्त असेल आणि सुरुवातीच्या वर्षांतच 10-15 किलो उतरलं तर गोळ्यांशिवायही शुगर ताब्यात राहू शकते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत जवळजवळ निम्म्या लोकांना वर्षाअखेर ते जमलं होतं. पण त्यांनी काही महिने अगदी कमी उष्मांकाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतला होता. शेजारचा कुणी देतो तसल्या देशी औषधाच्या पुडीवर ते झालं नव्हतं. असल्या देशी पुड्यांत शुगर उतरवणाऱ्या अॅलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातल्याचं आढळलेलं आहे. तुमच्या ग्लिमेपिराइडवर तसली पुडी पडली तर शेतात नुसते हात थरथरून भागणार नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वजन तुम्ही लिहिलेलं नाही. बारीक असाल आणि महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने आणखी उतरला असाल तर हा वेगळा मधुमेह असू शकतो, त्याला इन्सुलिन लागतं आणि ही सगळी आहाराची चर्चा दुय्यम ठरते. दुसरं, तुमच्यात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा घराण्यात चालणारा दोष, असेल (सातपुड्याच्या पट्ट्यात पावरा-भिल्ल कुटुंबांत तो आढळतो) तर तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा फसवा येतो, खरा असेल त्यापेक्षा कमी दिसू शकतो. रक्तात लोह कमी असेल तर उलट जास्त दिसू शकतो. मग बोटावरच्या आकड्यांवरच विसंबावं लागतं.

आणि मधुमेह निघाल्या निघाल्या डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (दोन्ही किडनीसाठी), रक्तातली चरबी, रक्तदाब आणि पायांची संवेदना तपासून घ्यायची असते, ते झालं नसेल तर याच महिन्यात उरका. शेतात अनवाणी जाऊ नका, बुटात पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटका.

पीठ तोललंत की किती भरलं ते इथेच लिहा. दुपारच्या भाकरीचा हिशोब त्यावरून काढून देतो.