वापरात नसलेली मॉनिटरिंग विहीर वाळू-खडी टाकून बुजवली तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की कंपनीच्या आवारात भूजल सफाईसाठी मारलेले, म्हणजे घाण पाणी उपसायचे आणि पाणी तपासायचे (मॉनिटरिंगचे) तीसेक बोअर आहेत, त्यातल्या निम्म्यांचं आता काम नाही, मग वाळू-खडी ओतून वर काँक्रीट मारलं की झालं ना, कन्सल्टंट एवढे पैसे कशाचे मागतोय. त्याचा आकडा तुम्ही दिलेला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही, पण वाळू-खडी अजिबात नको, हे आधीच सांगतो.

मी कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत हेच काम करतो. आज ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात तिथं आधी जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या आणि बागांना पाणी द्यायला खोल खोल विहिरी. मग चिप बनवणारे कारखाने आले, पार्ट धुवायला टीसीई नावाचं सॉल्व्हंट वापरायचे, ते जमिनीत मुरलं. माउंटन व्ह्यूमध्ये मिडलफील्ड, एलिस आणि व्हिसमन या तीन रस्त्यांमधली साइट त्यातली प्रसिद्ध, तिचा सफाईचा आराखडा ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने, 1989 मध्ये ठरवला. इथं जमिनीत थर आहेत, वाळूचा, मग चिकणमातीचा, परत वाळूचा, असे. वरचं पाणी घाण असलं तरी मधली चिकणमाती त्याला बरंच अडवून धरते. पण जुनी विहीर ही चिकणमाती भेदून खाली गेलेली असते, म्हणजे वरच्या घाणीला थेट तळमजल्यापर्यंत जिनाच की. त्यात टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, आणि पिण्याच्या पाण्यात इथली मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे थोडंसं उतरलं तरी खालचं पाणी गेलं. म्हणून बागांच्या काळातल्या विहिरी शोधून सील करणं हासुद्धा इथं सफाईचाच भाग असतो.

वाळू-खडीची आयडिया कुठून आली असणार तेही कळतं. लहान मुलं उघड्या बोअरमध्ये पडायची म्हणून भारतात सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सूचना दिल्या, त्यात पडीक बोअर माती, वाळू, दगडगोटे असं काहीही घालून तळापासून जमिनीपर्यंत भरा असं आहे. पोर पडू नये यासाठी ते बरोबरच आहे! पण पाणी वाळूतून जातंच ना, आपण फिल्टरला वाळूच वापरतो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातही वरच्या मुरुमाचं पाणी आणि खालच्या भेगांमधलं पाणी बोअरमुळे एकत्र येतं, तिथंही तीच गोष्ट.

मग करायचं काय, तर सिमेंट आणि थोडं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) पाण्यात कालवून केलेला पातळ घोळ, म्हणजे ग्राउट, आणि ते बारीक पाइप तळापर्यंत सोडून खालून वर भरत आणायचं. वरून ओतायचं नाही. हे मी ठेच लागून शिकलो. नोकरीचं पहिलंच वर्ष, 30 मीटरची 4 इंची विहीर, मी हिशोब केलेला की आत साधारण 240 लिटर मावणार, इथल्या साडेबेचाळीस किलोच्या गोणीतून 35 लिटरच्या आसपास ग्राउट होतं, म्हणजे सात गोण्या. ड्रिलरने घाईत पाइप न सोडता होज वरूनच लावला आणि दोन गोण्यांत विहीर काठोकाठ! मी खूश, सिमेंट वाचलं म्हणून. इन्स्पेक्टरबाई आल्या, माझी वही बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, उरलेल्या पाच गोण्या कुठे गेल्या? ग्राउट मध्येच अडकून बूच बसलेलं आणि त्याखाली पोकळ. दुसऱ्या दिवशी तेवढं सिमेंट परत ड्रिल करून काढलं, तो खर्च कुणी द्यायचा यावरून महिनाभर ईमेल चालले.

म्हणून कन्सल्टंटचा दर बघताना तीन-चार गोष्टी विचारा. केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या, बाहेरचं मूळ सील नीट आहे याचा कागद आहे का, नसेल तर आत ग्राउट भरून उपयोग नाही, बहुतेक वेळा अख्खी केसिंग ओव्हरड्रिल करून, म्हणजे तिच्याभोवती मोठं भोक पाडून, काढावी लागते आणि खरा पैसा तिथंच जातो. ग्राउट वर येताना आतलं घाण पाणी बाहेर ढकलतं, ते ड्रममध्ये घेणार का गटारात सोडणार? आणि दुसऱ्या दिवशी परत येणार का, कारण रात्रीतून ग्राउट खाली बसतं, वर टॉप-अप करावं लागतं.

एक मात्र, पंधराच्या पंधरा एकदम बुजवू नका. घाण पाणी उपसणारा पंप बंद केल्यावर मातीत अडकलेलं केमिकल हळूहळू परत पाण्यात येतं, आकडे पुन्हा चढतात, तेव्हा निदान वर्षभर वाट बघा, आणि हद्दीवरची नि गावाच्या बाजूची विहीर तर शेवटपर्यंत ठेवा, भले तिच्यात दहा वर्षं काही सापडलं नसेल. काहीच सापडू नये म्हणूनच ती तिथं आहे. प्रदूषण कंट्रोल बोर्डाकडून लेखी होकार घेतल्याशिवाय एकही नको.

आणि आधी सगळ्या सापडतात का बघा बरं का, नकाशावर तीस असतात, जागेवर सव्वीस. आमच्याकडे दोन पार्किंगच्या डांबराखाली मेटल डिटेक्टर फिरवून सापडल्या. झाकण उघडताना हात घालू नका, आमच्याकडे आत लाल ठिपक्याची काळी कोळीण बसलेली असते, तुमच्याकडे बहुतेक विंचू.