घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न
माळ्यावरची जुनी अवजारं

*या वेळच्या पत्रांत जमिनीच्या कामाच्या जुन्या अवजारांबद्दल बरंच विचारलंय. त्यातली चार पत्रं घेतो.*

प्रश्न : काका, चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या माळ्यावर एक जड लाकूड सापडलं. बूड सपाट, मूठ वाकडी. आई म्हणते ते चोपणं, मुलं त्याला बॅट म्हणतात. अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचेत, त्या कामाला हे चालेल का?

उत्तर : आईंचं बरोबर आहे, मातीची जमीन ठोकून घट्ट करायचं हे चोपणं. पेव्हरला मात्र ते चालणार नाही. त्याच्याखालचा मुरूम खोलवर दाबावा लागतो. तिथे प्लेट कॉम्पॅक्टर (जमीन दाबायचं थरथरतं यंत्र) आणा, नाहीतर लोखंडी धुम्मस, म्हणजे उभ्या दांड्याचा जड ठोकणा, मारून घ्या. चोपण्याचा मार रुंद आणि उथळ. वरची दोन-तीन इंच माती तेवढी घट्ट होते, पण काय घट्ट होते म्हणता!

तरी एक विचारतो, ताई. सगळ्या अंगणाला पेव्हर हवेतच का? तुळशीपुढचा तुकडा मातीचा ठेवा आणि पावसाळा सरल्यावर खळं करतात तसं करून बघा. माती खणून ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी मारून तुडवायची, सारखी करायची. मग थांबायचं. सगळं गणित या थांबण्यात आहे. मुठीत दाबली तर गोळा झाला पाहिजे, पण तळव्याला चिकटता कामा नये. चोपण्याला माती लागून येत असेल तर अजून वेळ आहे, आणि मारल्यावर भुगा उडत असेल तर उशीर झालाय, पाणी शिंपडा. कडेकडून मधे यायचं. प्रत्येक मार आधीच्या माराच्या अर्ध्यावर पडला पाहिजे. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा दिसतील. घाबरू नका, ओलसर करून पुन्हा चोपा, मग शेणाने सारवा. भिंतीच्या कोपऱ्यात कॉम्पॅक्टर पोचत नाही, तिथे तर चोपणंच सोयीचं.

लाकडाला वाळवी आहे का ते पाहून अळशीचं तेल पाजा. मुठीला व्हार्निश लावू नका, तासाभरात हाताला फोड येतील. आणि मुलांना क्रिकेटला दुसरी बॅट घेऊन द्या.

प्रश्न : सासऱ्यांच्या पेटीत पितळेचा वीतभर रोलर निघाला. अंगावर ओळीने बारीक दाणे, दोन्ही बाजूंनी दांडा. स्वयंपाकघरातला आहे की कारखान्यातला? (पुणे)

उत्तर : सासरे गवंडीकाम करत असणार. हा कोब्यावर दाणे उठवायचा रोलर. सिमेंटचा कोबा, म्हणजे फरशीऐवजी केलेली सिमेंटची जमीन, गुरमाळ्याने (गवंड्याच्या लोखंडी घोटणीने) घोटला की गुळगुळीत होतो आणि ओला झाला की पाय घसरतो. म्हणून मोरी, जिना, गाडीचा उतार अशा ठिकाणी ओल्या सिमेंटमध्ये दोऱ्याने चौकोन पाडायचे आणि आत हा रोलर फिरवायचा. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या मोऱ्यांत ही नक्षी अजून दिसते.

उपयोग आजही आहे. वर निव्वळ सिमेंट घोटून झाल्यावर बोट टेकवून बघा. ठसा उमटला, पण बोटाला सिमेंट लागलं नाही, की रोलर घ्या. बाजूला सरळ पट्टी धरून एकदाच न्या. त्याच जागेवर परत फिरवलात तर दाण्यावर दाणा चढून सगळं गिचमिड होतं. नंतर किमान सात दिवस पाणी मारा. उतार फार उभा असेल तर नुसत्या दाण्यांवर विसंबू नका, आडव्या खाचा पाडून घ्या.

काम संपताच रोलर पाण्यात टाका आणि दाण्यांमधलं सिमेंट काडीने काढा. लोखंडी ब्रश नको, पितळेवर ओरखडे जातात. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो पितळेच्या वजनाचेच पैसे देईल, आणि असा रोलर दुकानात आज सहज मिळत नाही.

प्रश्न : दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या असलेला जुना रबरी पाइप आहे. लेझर लेव्हल घेतल्यावर याचं काय काम? (सांगली)

उत्तर : लेझर चांगलाच, पण त्याला समोरचं दिसावं लागतं. या पाइपातलं पाणी भिंतीला वळसा घालून पलीकडच्या खोलीतसुद्धा तीच पातळी दाखवतं, आणि तेही सेलशिवाय. फरशीची लेव्हल एका खोलीतून दुसरीत न्यायची तर मी अजून पाइपच काढतो. अट एकच, आत बुडबुडा नको. एक टोक बादलीत बुडवून दुसरीकडून पाणी ओढा, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय का पाहा, मगच खुणा करा. टोकांना बूच ठेवून मापलंत तर पाणी खोटं बोलेल. तुमचं रबर तडकलं असेल. बाजारातला पारदर्शक पाइप घ्या, म्हणजे काचेच्या नळ्यांचीही गरज उरत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. तळघरात तिरकं बसणारं एक लोखंडी यंत्र आहे, वर ठोकायला गोल डोकं, सोबत जाड हातोडा. ओकच्या पट्ट्या बसवायच्या आहेत, हे वापरू का?

उत्तर : जरूर. हे लाकडी जमिनीचे खिळे ठोकायचं हाताचं यंत्र. पट्टीच्या कडेला जी जीभ असते, तिच्यातून खिळा 45 अंशांत आत जातो आणि पुढची पट्टी बसली की दिसेनासा होतो. शिवाय त्याच घावाने पट्टी मागच्या पट्टीला घट्ट भिडते. हवेवर चालणारं यंत्र भराभर ठोकतं, पण एका खोलीसाठी कॉम्प्रेसर भाड्याने आणण्यात मला अर्थ दिसत नाही.

आधी यंत्राचं बूड पट्टीच्या जाडीला जुळतं का ते टाकाऊ तुकड्यावर पाहा. अशी यंत्रं सहसा पाऊण इंची भरीव पट्टीसाठी असतात. पातळ पट्टीची जीभ चिरते. खिळे चपटे, एल आकाराचे आणि एका ओळीत एकमेकांना जोडलेले येतात. यंत्रात उरलेला एखादा मिळाला तर तोच दुकानात नमुना म्हणून न्या. भिंतीलगतच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत हातोडा फिरवायला जागा राहत नाही. तिथे ड्रिलने बारीक भोक पाडून साधे खिळे हाताने ठोका.