पाळीवरून बाळंतपणाची तारीख १२ मार्च, सोनोग्राफीवरून २३ मार्च. धरायची कोणती?

तुमच्या बाबतीत २३ मार्च.

तुम्ही लिहिलंय की शेवटची पाळी ५ जूनला आली, एरवीही ती ३८-४० दिवसांनी येते, आणि १८ ऑगस्टच्या पहिल्या सोनोग्राफीत बाळ बरोबर नऊ आठवड्यांचं दिसलं. उत्तर यातच आहे.

पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे २८० दिवस होतात. ५ जूनवरून १२ मार्च आला तो असा. सासूबाई नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, त्या हिशेबाने १४ मार्च. जुन्या बायकांचा अंदाज किती जवळ होता बघा! पण हे गणित २८ दिवसांच्या पाळीचं आहे. त्यात चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं असं धरलेलं असतं. तुमची पाळी दहा-बारा दिवस लांबते, म्हणजे बीजही तेवढंच उशिरा सुटलं आणि बाळ तेवढंच उशिरा राहिलं. दोन तारखांमधलं अकरा दिवसांचं अंतर ते हेच. बाळाची वाढ कमी आहे असा त्याचा अर्थ नाही, तेव्हा ती धास्ती मनातून काढा.

मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. तेव्हा गावाकडे सोनोग्राफी सहज होत नसे. पाळी कधी आली विचारलं की उत्तर मिळायचं, ‘गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी.’ म्हणून मागच्या वर्षीचं कालनिर्णय आम्ही कधी टाकून दिलं नाही. संक्रांतीचं सोपं असायचं, गौरींची तारीख मात्र शोधावी लागे. सगळ्यात अवघड, अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेलेली बाई. तिथे पोट किती वर आलंय हे हाताने बघायचं (साधारण विसाव्या आठवड्याला गर्भाशय बेंबीपर्यंत येतं) आणि बाळ कधी फिरायला लागलं ते विचारायचं.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतात. त्या काळात सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून ही तारीख भरवशाची. नवव्या ते तेराव्या आठवड्यात पाळीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखेत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर सोनोग्राफीची धरतात. पुढे कुणाचं बाळ थोराड, कुणाचं नाजूक. सातव्या-आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर आणखी वेगळी तारीख छापून येईल, ती वाढ बघण्यासाठी असते. तिच्यावरून २३ मार्च बदलू देऊ नका.

याचा एवढा आग्रह का, ते सांगते. १२ मार्च धरून कुणी ‘एक आठवडा वर गेला’ म्हणून १९ मार्चला कळा आणायचं औषध सुरू केलं, तर खरे ४० आठवडेही भरलेले नसतील. तुमचे ३७ आठवडे २ मार्चला पूर्ण होतात. तिथून पुढे केव्हाही कळा सुरू होऊ शकतात. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच.

पुढच्या तपासणीला पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन जा आणि कार्डावरची तारीख डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून घ्या. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कुठलीच तारीख न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा, मध्यरात्र असली तरी.