उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर तिसरी बॅटरी घेऊ नका

आपण विचारले आहे की चारचाकी तीन-चार दिवस दारात उभी राहिली की सेल्फ उचलत नाही, वर्षभरात दुसरी बॅटरी टाकूनही तोच प्रकार चालू आहे आणि गॅरेजवाले आता तिसरी टाका म्हणतात. तर ती घ्यावी का, आणि कोणत्या कंपनीची घ्यावी. तिसरी बॅटरी मुळीच घेऊ नका. एकाच गाडीत दोन बॅटऱ्या एकाच रीतीने उतरत असतील, तर गाडी बंद असताना कोठेतरी प्रवाह गळत आहे, असा दाट संशय मीटर न लावताही घेता येतो.

मराठवाड्यात ऊन फार, येथे बॅटऱ्या टिकत नाहीत, हे कारण आमच्याकडील बहुतेक गॅरेजांत ऐकायला मिळते. उन्हाने बॅटरीतील पाणी आटते, प्लेटा लवकर खराब होतात आणि तिचे आयुष्य घटते, हे खरे आहे. परंतु चांगली बॅटरी नुसती ठेवली तर तिचा चार्ज महिन्याकाठी काही टक्क्यांनी कमी होतो. मे महिन्याच्या 42 अंशांत तो वेग वाढला तरी ती तीन दिवसांत रिकामी होत नाही. ज्याला मोजायचे नसते तो उन्हाकडे बोट दाखवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला घरातलीच एक गोष्ट कारणीभूत आहे. माझा परभणीत पंपाच्या मोटारी भरून देण्याचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेची नवी गुंडाळी घालण्याचा व्यवसाय आहे आणि माझे दाजी सेलूला कापसाच्या खरेदी-विक्रीत आहेत. त्यांची जुनी डिझेल जीप दोन रात्री वाड्यात उभी राहिली की तिसऱ्या दिवशी धक्का मारल्याशिवाय निघत नसे. त्यांनी नवी बॅटरी टाकली, तीही तशीच उतरू लागली, म्हणून हमीत बदलून मागितली. दुकानदाराने ती ठेवून घेतली, पूर्ण चार्ज केली, लोड टेस्ट केली, म्हणजे भार देऊन ती तग धरते का ते पाहिले, आणि बॅटरी चांगली आहे असे सांगून परत दिली. बॅटरी निर्दोष असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? तरीही गॅरेजचा निकाल बॅटरीविरुद्धच राहिला, आणि दाजींनी रोज रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवण्याचा नेम सुरू केला.

भाऊबीजेला बहिणीकडे गेलो असताना मी मीटर लावून पाहतो म्हणालो, तेव्हा पाहुण्यांसमोर दाजींचे उत्तर मिळाले, "तू पंपाच्या मोटारी भर, गाडीचं गाडीवाल्याला कळतं." ते मला लागले आणि आजही लागते, कारण वीज पंपात एक आणि गाडीत दुसरी नसते. बहिणीने आग्रह धरला म्हणून मला मुभा मिळाली.

रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करून जोडून ठेवली. सकाळी इंजिन चालू न करता निगेटिव्ह टर्मिनल काढले आणि टर्मिनल व बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या खाचेतून जोडला. सर्व दिवे बंद, चावी खिशात, दारे लावलेली, आणि आकडा 1.3 अँपिअर. बंद गाडीत घड्याळ, रेडिओची स्मृती, सेंट्रल लॉक यांसाठी साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत (0.05 अँपिअर) प्रवाह चालतो. हा त्याच्या सव्वीस पट होता. हिशेब सरळ आहे. 1.3 गुणिले 24 म्हणजे दिवसाला सुमारे 31 अँपिअर-तास, आणि बॅटरी 60 अँपिअर-तासांची. पहिल्या दिवशी निम्मी, दुसऱ्या दिवशी जवळजवळ रिकामी. दोन रात्रींचे कोडे तेथेच सुटले होते. राहिला प्रश्न गळतीच्या जागेचा.

एकेक फ्यूज काढत गेलो, पण आकडा हलला नाही. गॅरेजच्या इलेक्ट्रिशियनने पूर्वी इथपर्यंत तपासले होते आणि फ्यूजमध्ये काही नाही, म्हणजे बॅटरीच खराब, असा निष्कर्ष काढला होता. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो अनेकांकडून होतो. गाडीतील प्रत्येक तार फ्यूजच्या डब्यातून जात नाही. स्टार्टरची आणि अल्टरनेटरची (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जाड तार त्याला वगळून जाते. जुने लोक ज्याला डायनामो म्हणतात त्या अल्टरनेटरवर हात ठेवला, तर आदल्या दिवसापासून बंद असलेल्या गाडीत, थंडीच्या सकाळी, तो कोमट लागला. बॅटरी सोडवून त्याची जाड तार काढली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि पुन्हा मोजले, तर आकडा 0.03 वर आला. अल्टरनेटरमधील डायोड प्रवाहाला बॅटरीकडे जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. त्यातला एक निकामी झाला की बॅटरी रात्रभर उलटी अल्टरनेटरमध्ये रिकामी होत राहते. डायोड प्लेट बदलली आणि हमीत नाकारलेली तीच बॅटरी पुढे कित्येक हंगाम चालली.

दाजी अजूनही म्हणतात की टर्मिनल काढण्यामुळे बॅटरी वाचली. उपाय म्हणून ते काढणे मला मान्य नाही, कारण रोजच्या काढघालीने क्लॅम्प सैल होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. परीक्षा म्हणून मात्र ते उत्तम आहे, आणि आपण सुरुवात तेथूनच करावी. बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तासांनी व्होल्टेज पाहा; ते 12.6 च्या आसपास हवे. निगेटिव्ह काढून गाडी तितकेच दिवस उभी ठेवा. व्होल्टेज टिकले तर दोष गाडीत आहे, 12.2 च्या खाली गेले तर बॅटरी खरोखर संपली आहे.

आपल्या गाडीत नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, कॅमेरा किंवा जीपीएस असेल तर प्रथम त्यांचे फ्यूज काढून मोजा. म्युझिक सिस्टीमची पिवळी तार कायम चालू असते आणि लाल तार चावीवर असायला हवी; घाईत दोन्ही एकत्र जोडल्या की ती कधीच पूर्ण बंद होत नाही. डिकीचा दिवाही पाहून घ्या.

गाडी अलीकडची असेल तर दारे लॉक करून, रिमोट दूर ठेवून किमान अर्धा तास थांबावे, कारण तिची नियंत्रक यंत्रे तेवढा वेळ जागी असतात आणि सुरुवातीचा आकडा फसवतो. अशा गाडीत फ्यूज काढून पुन्हा लावताना ती यंत्रे परत जागी होतात, म्हणून फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजावेत. जेथे शून्याऐवजी काही दिसते त्या मार्गाने प्रवाह चालू आहे. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना हात लावू नये. मीटर अँपिअरवर ठेवून टर्मिनल व खांब यांच्यामध्ये जोडलेला असताना सेल्फ कदापि मारू नये, कारण मीटरमधला फ्यूज उडतो, आणि तो उडाला की मीटर शून्य दाखवून गळती नसल्याचा भास निर्माण करतो. म्हणून शून्य दिसल्यास आधी गाडीतला छोटा दिवा लावून आकडा वाढतो का ते पाहावे.