रेल्वे थांबवणारा आणि रेल्वे आणणारा

प्रश्न (कणकवली) : गणपतीला गावी जाताना आजोबा दरवेळी सांगतात, ही कोकण रेल्वेची गाडी जॉर्जमुळे आली. पण ज्याने रेल्वे बंद पाडली तोच रेल्वेमंत्री कसा काय झाला?

उत्तर : आजोबा बरोबर सांगतायत. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरचे, १९४९ला मुंबईत आले तेव्हा राहायला जागा नव्हती, चौपाटीच्या बाकावर झोपायचे, मग गोदी, टॅक्सीवाले, पालिका कामगार असं करत युनियन बांधली आणि १९६७ला स. का. पाटलांसारख्या बड्या माणसाला पाडून खासदार झाले. १९७४च्या मे महिन्यातला त्यांच्या नेतृत्वाखालचा रेल्वे संप वीस दिवस चालला, इंजिनावरच्या माणसाला आठ तासांची ड्युटी हवी होती, बोनस हवा होता, त्यात काय चूक होती सांगा? हजारो लोक तुरुंगात गेले, क्वार्टर्समधून बायकापोरं बाहेर काढली. आणीबाणीत जॉर्जनाही अटक झाली, १९७७ची निवडणूक ते तुरुंगातूनच जिंकले, तो बेड्या घातलेला हात वर केलेला फोटो आजोबांना नक्की आठवत असेल.

१९८९ला ते रेल्वेमंत्री झाले आणि अर्थमंत्री होते आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते, ही जोडी जमली हे कोकणाचं नशीबच. रेल्वेकडे पैसा नव्हता म्हणून १९९०ला वेगळं कॉर्पोरेशन काढलं, चार राज्यांचा हिस्सा घेतला, बाँड विकले, मार्ग बांधायला इंजिनिअर श्रीधरन यांना आणलं. १९९८ला अख्खा मार्ग सुरू झाला. आता रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की आजोबांना खिडकीशी बसवा आणि संपाचं विचारा, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असेल.