मांडीवरचं लेकरू आणि चौपदरी रस्ता

गेल्या अंकात लहान मुलांच्या गाडीतल्या बसण्याविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत घरातल्या दोन पिढ्यांचा वाद आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : सुनेनं दहा महिन्यांच्या नातवासाठी सात हजारांची गाडीतली सीट मागवली. आमची चार लेकरं आईच्या मांडीवर, कधी जीपच्या टपावर बसून मोठी झाली. कुणाला साधं खरचटलं नाही. लेकराला बांधून ठेवायचं हे खूळ कशाला? (एक आजोबा, अंबाजोगाई)

उत्तर : आजोबा, तुमची लेकरं सुखरूप राहिली हे खरं. पण ज्यांची राहिली नाहीत ते असं पत्र लिहीत नाहीत. शिवाय तेव्हाचा रस्ता आठवा. खड्डे चुकवत जीप तीस-पस्तीसनं चालायची. आज सोलापूर-धुळे महामार्गावर बीड सोडलं की काटा सहज नव्वदवर जातो, आणि जालन्याहून समृद्धीवर चढलात तर कारला १२०ची परवानगीच आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट.

आता मांडीचा हिशेब. ताशी ५० किलोमीटरनं चाललेली गाडी आदळून अर्ध्या मीटरभरात थांबली, तर त्या क्षणी आतल्या प्रत्येक माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचं लेकरू दोन क्विंटलचं होतं. मोंढ्यातला हमालही तेवढं हातांवर झेलणार नाही, मग बेसावध आई कुठून झेलणार? तिनं स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचा भारही लेकरावर येतो आणि ते पुढच्या सीटवर चिरडतं. दोघांना मिळून एकच पट्टा लावणं हेही तितकंच वाईट, कारण मग तोच पट्टा लेकराच्या पोटात रुततो.

मागं बसलेल्याला काही होत नाही, हा समजही सोडा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा ते मागच्या सीटवरच होते. कायद्याचं म्हणाल, तर २०१९च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या सीटविना नेलं तर १००० रुपये दंड आहे. सात हजारांबद्दल एवढंच म्हणू की जावळाच्या जेवणावळीत याहून जास्त जातात आणि तेव्हा कुणी हिशेब मागत नाही.

प्रश्न : मुलगी ११ महिन्यांची, साडेआठ किलोची. गाडी जुनी आहे, तिला आयसोफिक्स (लेकराची सीट थेट अडकवायच्या लोखंडी कड्या) नाही. सीट घेतली, पण बसवल्यावर ती डुलते. शिवाय तोंड मागं ठेवलं की मुलगी रडते. तोंड पुढं केलं तर चालेल का? (एक आई, परभणी)

उत्तर : इतक्यात नको. निदान १५ महिन्यांपर्यंत, आणि त्यानंतरही सीटवर लिहिलेली उलट बसवण्याची वजनमर्यादा (बहुधा १३ किलो) गाठेपर्यंत तोंड मागंच असू द्या. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड आणि मानेचे मणके कच्चे असतात. तोंड पुढं असेल तर धडकेत डोकं झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागं असेल तर पाठ, मान, डोकं तिन्ही सीटच्या पाठीत एकदम दबतात आणि जोर वाटला जातो. पाय दुमडलेले दिसतात म्हणून घाबरू नका, लेकरं मांडी घालून आरामात बसतात.

आयसोफिक्स नसलं तरी अडत नाही. मागच्या सीटला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा हवा. मधल्या जागेला बऱ्याच जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो, तो बहुतेक सीटना चालत नाही. तेव्हा सीट डाव्या बाजूला, चालकाच्या मागं नसलेल्या खिडकीशी लावा. म्हणजे उतरवताना तुम्ही रस्त्याच्या कडेला असता. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर उलटी सीट कधीही लावू नका. एअरबॅग फुगताना सीटच्या पाठीवर जो तडाखा बसतो तो थेट डोक्यात जातो.

डुलण्याचं कारण जवळजवळ नेहमी ढिला पट्टा. गाडीचा पट्टा फक्त हिसका बसला की अडकतो, एरवी सैल सुटतो. सीटवर दोन रंगांच्या खुणा असतात : निळ्या उलट्या बसणीसाठी, लाल सुलट्यासाठी. तुम्ही निळ्यांतूनच पट्टा न्या. तो कुठं पिळला नाही ना बघा. पट्ट्याचं बकल लावा. मग सीटमध्ये गुडघा रोवून गाडीची गादी दाबा, आधी कमरेचा भाग ओढा, मग खांद्याचा, आणि सीटला पट्टा पकडून ठेवणारा चिमटा दिला असेल तर तो बंद करा. पट्टा जिथून जातो तिथंच सीट धरून हलवा. एका इंचाहून जास्त सरकली तर पुन्हा. वरचं टोक थोडं हललं तर चालतं, लोक नेमकं तेच हलवून बघतात आणि वैतागतात.

मग आतले पट्टे. उलट्या बसणीत ते खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालून यावेत. लावल्यावर खांद्याशी पट्ट्याची चिमूट घेऊन बघा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. थंडीत स्वेटर, कुंची, वर दुपटं असं गाठोडं करून पट्टा लावतात. धडकेत ते सगळं दबतं आणि पट्टा चार बोटं ढिला होतो. पातळ कपड्यावर पट्टा लावा, दुपटं वरून पांघरा. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीत बकलाचं लोखंड चटका देतं. गाडी लावताना सीटवर पांढरं कापड टाका आणि बसवण्याआधी बकलाला हाताची मागची बाजू लावून बघा.

रडण्यावर उपाय एकच : दीड-दोन तासांनी गाडी थांबवून घ्यायचं, पाजायचं, पुन्हा बसवायचं. चालत्या गाडीत काढून अंगावर पाजायचं नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, उंची ११८ सेंटिमीटर. मोठ्यांचा पट्टा लावतो, तो गळ्याला लागतो म्हणून काखेखालून घेतो. खाली उशी ठेवतो. बरोबर ना? (एक वडील, जालना)

उत्तर : दोन्ही चूक. काखेखालचा पट्टा बरगड्या आणि यकृत दाबतो. उशी किंवा गोधडीची घडी धडकेत पुढं सटकते आणि मूल पट्ट्याखालून घसरतं. पाठ असलेला बूस्टर (मुलाला उंच करणारी बैठक) घ्या. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीनंतर तो काढता येतो, पण वयापेक्षा ही खूण बघा : पाठ टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला वाकतात, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या सुरुवातीला येतो आणि वरचा हाडकावर, खांद्याच्या मधोमध.

प्रश्न : आमच्याकडं कार नाही. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही नवरा-बायको मोटारसायकलवर ३५ किलोमीटर माहेरी जातो. मुलगी पुढं टाकीवर बसते. (माजलगाव)

उत्तर : टाकीवरून आधी उतरवा. ब्रेक लागला की हँडलचा मधला भाग छातीत आणि तोंडात जातो, आणि झोप लागली की ती बाजूला ओघळते. कायद्यानं मोटारसायकलवर चालकाशिवाय एकच जण बसू शकतो, म्हणजे तिघांची ही बसणीच बसत नाही.

तिला एकटीनं मागं न्यायचं असेल तर नियम स्पष्ट आहे. तो १५ फेब्रुवारी २०२२ला निघाला आणि वर्षभरानं लागू झाला. ४ वर्षांखालच्या मुलाला चालकाच्या अंगाला जोडणारा हार्नेस (३० किलो पेलणारा), ९ महिन्यांच्या पुढं त्याच्या मापाचं हेल्मेट किंवा ठरलेल्या मानकाचं सायकलचं हेल्मेट, आणि वेग ४०च्या आत. हेल्मेट घेताना भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपनं मोजा. मोठ्यांचं हेल्मेट फिरून डोळ्यांवर येतं, तो नुसता दिखावा. टाच चाकाच्या आऱ्यांत जाते म्हणून बूट घाला आणि चाकाला जाळी बसवा. साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्या. हार्नेस मुलीला पडण्यापासून धरतो, धडकेत मात्र तो वाचवेलच असं समजू नका.

एवढ्या अंतराला आमचं मत एसटीचं आहे. महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या गावातून ऊसतोड टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर संसार, त्यावर लेकरं. त्यांच्यासाठी सीट-बूस्टर सांगणं हास्यास्पद आहे. मग काय सांगायचं? (एक शिक्षक, धारूर तालुका)

उत्तर : हे पत्र आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सांगण्याची वेळ निघायच्या दिवशीची नसते, उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) ठरते तेव्हाची असते. बायका आणि लेकरांसाठी वेगळी बंद गाडी हे बोलणं मुकादमाशी उचलीबरोबरच करून घ्यावं. एकदा उचल घेतली की मागणी करायला जोर राहत नाही.

ट्रॅक्टरनंच जायचं असेल तर निदान इतकं : मडगार्डवर आणि जोडदांड्यावर एकही लेकरू नाही, कारण तिथून पडणारं सरळ मोठ्या चाकाखाली जातं. सामान खाली, माणसं ट्रॉलीच्या तळाला, पुढच्या फळीला पाठ लावून. सामानाच्या ढिगावर बसलेलं लेकरू पहिल्या हिसक्याला खाली. प्रवास दिवसाच. अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून मागच्या फळीभर लाल परावर्तक पट्टी आणि चालू दिवा हवा. चिखलानं माखली की पट्टी असून नसल्यासारखी, ती पुसायची.

शाळेकडून करण्याजोगं काम मात्र वेगळं आहे. हंगामी वसतिगृहाची यादी टोळी निघण्याआधीच तयार हवी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाचा अर्जही तेव्हाच भरून घ्या. जे मूल गावात राहतं ते ट्रॉलीवर चढतच नाही.

प्रश्न : वापरलेली सीट घ्यावी का? (हिंगोली)

उत्तर : ओळखीच्या घरातली, अपघातात नसलेली असेल तरच. तळाला नारिंगी चिकटपट्टी शोधा. तिच्यावर वर्तुळातलं ई आणि आर४४/०४ किंवा आर१२९ (सुरक्षेच्या मानकाची खूण) हवं. प्लॅस्टिकवर वापराची शेवटची तारीख कोरलेली असेल तर ती बघा, ती उलटून गेली असेल तर घेऊ नका. बकल दहा वेळा लावून-काढून बघा. बिस्किटाचा चुरा अडकलेलं बकल लागल्यासारखं वाटतं आणि ओढलं की सुटतं.